मतं मोजली होती

अब्बा, काल वर्गात मी तुमचं उत्तर गिळलं.

इजिप्त शिकवत होते. चौकात लोक जमले, वर्षानुवर्षं खुर्ची न सोडणारा माणूस गेला, निवडणूक झाली आणि धर्माचं नाव घेणारा पक्ष जिंकला. पुढं त्याच्याविरुद्धही लोक रस्त्यावर आले, आणि लष्करानं ते निवडून आलेलं सरकार पाडलं. लोकशाहीचे गोडवे गाणाऱ्या मोठ्या देशांनी त्याला लष्करी उठाव म्हणायचंही टाळलं. इथवर मी नीट बोलले. मग एका मुलीनं विचारलं, "मॅडम, त्या देशांनी काय करायला हवं होतं?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडम काय सांगणार, माहितीये की!" दोघंतिघं हसले. आणि मी म्हणाले, "प्रश्न गुंतागुंतीचा आहे." लोणावळ्याहून घरी येईपर्यंत त्या वाक्याची लाज वाटत राहिली.

तुम्हाला असल्या हसण्याची भीती नव्हती. वडगावात कचेरीजवळ तुमचं शिलाईचं दुकान. निवडणूक आली की सगळ्याच पक्षांचे झेंडे तुमच्या मशीनवर. निकाल लागला की जिंकलेल्याच्या घरी तुम्ही गुलाबाचा हार घेऊन जायचात, प्रचारात तो आपल्या मोहल्ल्याबद्दल काहीबाही बोललेला असला तरी. एकदा मी चिडले, तर म्हणालात, "फुलं त्येला न्हाईत, मतांना हायेत. भांडू उद्यापास्नं." आणि खरंच दुसऱ्या दिवशी गटाराच्या कामावरून त्याच्या दारात भांडायला उभे. तिकडं इजिप्तमध्ये तो पक्ष जिंकला, त्या आठवड्यात टाकव्याचे एक भाऊ शर्ट न्यायला आले होते. "काय चाचा, तिकडं तुमचं सरकार आलं की!" तुम्ही सुईत दोरा ओवत म्हणालात, "आमचं सरकार मुंबईत. त्ये बी तुज्या मतानं आलंय, माज्या न्हाई." ते इतके हसले की शर्ट विसरूनच गेले.

आणि लष्करानं ते सरकार पाडलं ती संध्याकाळ. मी स्वयंपाकघरात भाकरी थापतेय, तुम्ही दाराशी उभे आहात. "मतं मोजली व्हती का न्हाई?" मोजली होती, मी म्हणते. "मग लष्कर मधी कशाला? बाहेरच्यांनी तरी सांगाया नगं?" मी म्हणते, अब्बा, त्या पक्षाचे लोक बायकांना घरी बसवतील. "व्हय. मला बी त्येंचं भ्या वाटतं. तुला कालेजात जाऊ दिलं नसतं त्येंनी. म्हनून मतं फेकून द्यायची?"

तेव्हा मला हे भाबडं वाटलं होतं. आता वाटत नाही. त्या देशांनी आधी फुलं द्यायची, दुसऱ्या दिवसापासून बायकांच्या आणि अल्पसंख्याकांच्या हक्कांसाठी भांडायचं, आणि रणगाडे निघाले की तोंडावर नाही म्हणायचं. त्यानं काय वेगळं झालं असतं, मला ठाऊक नाही. पण माझं मत हेच आहे, आणि आपलं आडनाव लावून ते बोलायला मी घाबरते. इतरांच्या तोंडी जो विचार ठरेल, तो माझ्या तोंडी जातीवर जाणं ठरेल, असं मनात येतं.

उद्या पुन्हा तोच वर्ग आहे. त्या मुलीला उत्तर द्यायचं ठरवलंय. मघाशी भांडी घासताना मोठ्यानं म्हणूनही बघितलं. तुम्ही आधी मतांचं बोलला होतात, भीतीचं नंतर. माझं पहिलं वाक्य मात्र दर खेपेला तेच येतंय, की मला तो पक्ष मुळीच आवडत नाही.