रुईचे नऊ शब्द

लोहारा, यवतमाळ
रविवार, १२ फेब्रुवारी २००६

प्रिय देवसिंगभाऊ यास,

भीमराजचा जयभीम, आणि तुझ्याकडचा जय सेवालाल मीच म्हणून घेतो, म्हणजे दोन्ही बाजू पुऱ्या झाल्या. वहिनींची कंबर कशी आहे? भाव येईल म्हणून घरात भरून ठेवलेला कापूस अजून तसाच असेल आणि तुम्ही सारे त्याच्या अंगाला अंग लावून झोपत असाल, तर खाजेवर खोबरेल तेल लावत जा. (भावाच्या आधी खाज जाईल, एवढे लिहून देतो.) फोन न करता पत्र कशाला, असे विचारशील. कारण तुला माहीत आहे आणि तू ते कबूल करणार नाहीस. फोनवर तू सगळ्याला "हो हो, बराबर" म्हणतोस. मागच्या खेपेला मी बोलणे संपवून फोन ठेवला, त्यानंतरही तू बराच वेळ हो हो करत होतास, असे वहिनींनीच सांगितले. कापसाच्या जिनिंगमध्ये गाठी बांधायच्या प्रेसजवळ बावीस वर्षे काढल्यावर कान तिथेच राहायचे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. कागद मात्र तू चष्म्याशिवायही वाचतोस, म्हणून कागद.

आता फुकट मिळालेल्या वस्तूची खरी किंमत सांगतो. दिवाळीत ममता नागपूरहून कुत्री घेऊन आली (पोरगी गुरांची डॉक्टर व्हायला गेली आहे, हे गावात मी किती जणांना सांगितले ते तू मोजले होतेस) आणि म्हणाली, "बाबा, फुकट आहे." कॉलेजच्या चौकीदाराकडची पिल्ले होती, सगळी गेली, हे एक नखशिखांत पांढरे कोणी घेतले नाही. पिंजलेल्या कापसासारखी पांढरी म्हणून नाव रुई. तर त्या फुकटात आजवर गेले ते असे: माझी डावी चप्पल, सत्यशीलाच्या दोन्ही, बोअरसाठी आणलेला वीस फूट पाइप, तीन टायर, आठवड्याला बिस्किटांचे सहा पुडे (पैकी दीड मी खातो), फाटकाची वरची बिजागरी, आणि माझा उजवा गुडघा, ज्याची हकिगत खाली आहे. हे आत्ताच सांगायचे कारण असे की येत्या रविवारी तू दोर घेऊन तिला मुकुटबनला न्यायला येणार आहेस. संक्रांतीला तू आलास, अंगणाच्या त्या टोकाहून माझ्या एका हाकेवर ती धावत आलेली पाहिलीस आणि तीळगूळ तोंडात असतानाच म्हणालास, "हे कुत्री मले दे बावा, डुकरं हरभऱ्यात घुसून राह्यले." मी काही बोलायच्या आत सत्यशीला "न्या" म्हणाली, आणि मी मान हलवली. मान हलवली म्हणजे शब्द दिला. पण तू जुना सोबती, माल द्यायच्या आधी मालातले दोष सांगणे माझे काम आहे.

पहिला दोष, ती शिकलेली आहे. ममताने जाताना चाळीस पानी वही लिहून ठेवली: कोवळ्या कुत्र्याला अडथळ्यांवरून उड्या मारणे, बोगद्यातून जाणे, हलत्या फळीवर चालणे कसे शिकवावे. हाडे कच्ची असतात म्हणून उंच उडी नाही. पाइप आधी जमिनीवर, मग एका विटेवर. धडा पाच मिनिटांचा, कुत्र्याला कंटाळा यायच्या आत बंद. रागवायचे नाही, आणि प्रत्येक वेळी तोंडभर शाबासकी द्यायची. मी वाचून थक्क झालो. आपल्याला कोणी पाच मिनिटांत सुट्टी दिली होती का? तरी सामान जमवले. पाइपचे तुकडे केले, शिडी आडवी टाकली, टायर उभे करून त्यांवर पोत्याची बारदाने शिवली तो बोगदा, आणि नागमोडी चालायला बारा पऱ्हाट्या ओळीत रोवल्या. (यंदा कापसाचे झाड एवढ्या तरी कामाचे ठरले.) पहिल्या दिवशी रुईने अंगणाला अकरा फेऱ्या मारल्या, सहा फुटी पाइप तोंडात आडवा धरला आणि साडेतीन फुटी फाटकातून बाहेर निघाली. पाइप अडला. ती मागे सरायची, धावत यायची, पुन्हा अडायची. मी ओरडून घसा बसवला, तिने ढुंकून पाहिले नाही, आणि पाचव्या धडकेत बिजागरी गेली. धड्याची पाच मिनिटे झाली होती, म्हणून वहीप्रमाणे मी शाबास म्हणून शाळा सोडली.

मग हलती फळी. अर्ध्या टायरवर फळी ठेवायची, ती डुलते, कुत्र्याची भीती मोडते. रुई फळी चाटायला तयार, चढायला नाही. वहीत लिहिले होते की मालकाने धीर द्यावा. मी म्हटले, नुसता धीर काय द्यायचा, करूनच दाखवू. सत्यशीला कणकेने भरलेले हात घेऊन दारात येऊन उभी राहिली, तेव्हाच मला समजायला हवे होते. मी चढलो, फळी डुलली, मी तिच्या आधी खाली पोहोचलो. "उठा," सत्यशीला म्हणाली, "तुमची परीक्षा झाली, आता कुत्रीले बसू द्या." गुडघा तो हाच. दुसऱ्या दिवशी रुई आपण होऊन फळीवर चढली. मला वाटते, तिला माझी दया आली.

बोगद्याचे सांगू नये असे ठरवले होते, पण वच्छलाबाई (आमची शेजारीण, तीन बकऱ्या) सगळ्या लोहाऱ्याला सांगून राहिली आहे, तर तुला माझ्याकडूनच कळलेले बरे. रुई बोगद्यात शिरायची आणि मधोमध बसून बारदान खायची. एके दिवशी मी या तोंडाशी बिस्किट घेऊन वाकलो असता त्या तोंडाने वच्छलाबाईची काळी बकरी आत आली. दोघींची मधे गाठ पडली, बोगदा उभा राहिला, आडवा झाला, आणि माझ्या तोंडाशी बकरी बाहेर पडली. तिने बिस्किट घेतले, पाइपवरून उडी मारली, फळीवरून न डुलता चालत गेली, पऱ्हाट्यांमधून नागमोडी निघाली आणि जाता जाता त्यांतल्या चार खाल्ल्या. वच्छलाबाई कुंपणावरून म्हणाली, "भीमराजभाऊ, माह्या बकरीले कायले शिकवून राह्यले? ते त शिकेलच हाये."

एवढे असूनही देवसिंग, खरे ते सांगितलेच पाहिजे. तिसरी पास माणसाने जिनिंगमध्ये झाडू मारता मारता फिटरकी शिकली, जिनिंग बंद पडल्यावर ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानावर स्वतःच्या नावाची पाटी लावली, आणि आता दोन महिन्यांत एका वेड्या कुत्रीला नऊ शब्द शिकवले. ये, बस, थांब, चल, वर, खाली, आत, फिर आणि हळू. नऊ. रस्त्याने ट्रॅक्टर गेला तर जेवता जेवता त्याचे कोणते बेअरिंग गेले ते मी सांगतो, हे तू पैजेवर पाहिले आहेस. तसाच माझा आवाज तिला कळतो, कितीही गोंगाटात, आणि फक्त माझाच. सत्यशीला डोक्यावर पाण्याची गुंडी घेऊन "रुई, हट, रुई, बाजूले हो" करत असते आणि ती मधोमध पसरलेली असते. मी सत्यशीलाला समजावले की तुझा सूर बारीक आहे, हुकमाला जाड सूर लागतो. ती म्हणाली, तुमच्या जाड सुराने घरात दुसरे काय काय हलते तेही एकदा सांगा.

आणि हो, आपली जुनी खोड अजून सुटलेली नाही. जिनिंगमध्ये सरकी काढायच्या चरख्यांच्या आवाजात कोणाचे कोणाला ऐकू येत नसे, म्हणून मूठ वर म्हणजे पट्टा बंद, पंजा खाली दाबला म्हणजे हळू, बोट फिरवले म्हणजे चालू, आणि खांद्याला दोन बोटे लावली म्हणजे मुकादम आला, बिडी टाक. मी अजून घरात भाजी मागतानाही हात करतो. सत्यशीला म्हणते, "तुमचे हात बांधून ठेवले त तुमचं तोंडई बंद होईन." तुझेही तेच. बाजारात वांग्याचा भाव जास्त वाटला की तू दुकानदाराला पट्टा बंद करायला सांगतोस.

मोठा दोष मात्र पुढेच आहे. मागच्या गुरुवारी सत्यशीलाच्या बचत गटाच्या बाया घरी आल्या. मी म्हटले, कुत्रीचे काम दाखवू. एका हातात चिवड्याची ताटली, दुसऱ्या हातात चहाचा कप, अशा थाटात अंगणात उभा राहिलो आणि रुईला सोडले. ती पाइपवरून बरोबर आली, तिथून थेट बायांच्या सतरंजीकडे वळली. मी म्हटले, थांब. मग मोठ्याने म्हटले, थांब. मग जसे म्हटले तसे मी जिनिंगला आग लागली होती तेव्हासुद्धा म्हटले नव्हते. रुई इंदुताईंच्या मांडीवरून गेली, सत्यशीलाच्या पाठीवरून आली, आणि गटाचे रजिस्टर घेऊन बोगद्यात बसली. बायांच्या कलकलाटात तिला माझा आवाज नीट पोहोचला नसावा. असा हा माल. भरवशाचा नाही. एक गुण तेवढा सांगतो, ती भीत नाही. दिवाळीचे फटाके, पलीकडच्या कारखान्याचा भोंगा, दाराशी फुटलेला ट्रकचा टायर, कशाने तिची झोप मोडत नाही. डोळासुद्धा उघडत नाही. एवढी बेडर कुत्री मी पाहिली नाही.

वहिनींना जयभीम. लहानांना माझ्याकडून एक एक टपली.

तुझा,
भीमराज

ता. क. (रविवार, संध्याकाळ): वरचे वाचून तुला कुत्री नकोशी झाली असेल तर माझे काम झाले. झाली नसेल तर सरळ लिहितो, रुई मिळणार नाही. शब्द फिरवतो आहे, काय म्हणायचे ते म्हण. दोष सत्यशीलाचा. आज दुपारी मी झोपलो आहे असे समजून ती मागच्या ओट्यावर रुईला दूध-भाकर घालत होती आणि हळूच सांगत होती, "तिथं वावरात लय थंडी रायते माय, तुह्या अंगावर कोन पांघरून घालन?" माझे कान तुला माहीत आहेत. भिंतीतून ऐकले.

ता. क. २ (मंगळवार): पाकीट चिकटवायचे राहिले ते बरे झाले. काल ममता घरी आली. तिला रुईचे काम दाखवले. तिने दोनदा पाहिले आणि म्हणाली, बाबा, दोन्ही हात खिशात घाला आणि हाक मारा. मी घातले, मारली. चार हात लांब बसून रुई मान खाजवत राहिली. जोराने मारली, वच्छलाबाई बाहेर आली. आणखी जोराने मारली, तिच्या तिन्ही बकऱ्या आल्या. मी नाक पुसायला हात बाहेर काढला, तशी रुई धावत येऊन पायाशी बसली. मग जनावरांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी तिच्या मागे उभे राहून पत्र्याचा डबा बडवला. बाहेर बांधलेल्या म्हशीने दावे तोडले, रुईने शेपूटही हलवली नाही. ती जन्मापासून ठार बहिरी आहे. अशा नुसत्या पांढऱ्या पिल्लांत होते म्हणे. बाकी प्रकृती उत्तम. एवढ्या खुणा कोणत्या पुस्तकातून शिकवल्या, असे डॉक्टरांनी विचारले. मी म्हटले, जिनिंगमधून. तर आता खरे कारण हे समज. रात्री हरभऱ्यातून डुक्कर मागून आले तर तिला कळणार नाही, आणि अंधारात तिला कोणाचा हात दिसणार नाही. तुझ्या वावरासाठी टायरवाल्याचा काळा कुत्रा सांगून ठेवला आहे. तो स्वतःच्या सावलीवरही भुंकतो. त्याला कोणी काही शिकवलेले नाही, म्हणून तो कामाचा आहे.

ता. क. ३: रविवारी तरीही ये, दोर घरी ठेवून ये. काम आहे. वहीत लिहिले आहे की कुत्र्याने चांगले केले की तोंडभर शाबासकी द्यावी. दोन महिने मी ती देत होतो आणि ती माझ्या हाताकडे बघत बसायची. मला वाटायचे, बिस्किट शोधते. काल रात्री आपल्या जिनिंगच्या सगळ्या खुणा आठवून पाहिल्या. पट्ट्याची आहे, आगीची आहे, जेवणाची आहे, मुकादमाची आहे. शाबासची नाही. बावीस वर्षांत आपल्याला ती कधी लागलीच नाही. तुझे कान गेल्यापासून तू हातांनी माझ्यापेक्षा चांगला बोलतोस. एखादी खूण बसवून दे. लांबून दिसेल अशी पाहिजे.

वर नऊ शब्द लिहिले आहेत ते खोडायचे राहिले. तिला शब्द एकही येत नाही.