आबांच्या आळ्यातली साडी

१३ एप्रिल, रविवार
आजपासून पलसाण्याच्या वाडीत शास्त्रीय शेती! वडील, म्हणजे आबा, होते तोवर चिकूच्या कलमांखाली नुसता पालापाचोळा. दिवाळीत ते गेले, आता वाडी मी बघणार. यूट्यूब म्हणतं, जमीन झाका, ओल टिकते. आमच्या मिलमधल्या सेकंड मालाच्या, म्हणजे डागी, पॉलिस्टर साड्या फुकट मिळाल्या. प्रत्येक झाडाखाली दोन थर, कडेला दगड, वरून पाणी. लग्नघर वाटतंय.

कोपऱ्यातलं झाडही झाकलं. त्याच्या आळ्यात आबांची रक्षा आहे. त्यांचीच इच्छा. हे झाड वाळू देऊ नको म्हणाले होते. मी शब्द दिलाय.

२० एप्रिल
परत पाणी सोडलं. साड्या ओल्या, म्हणजे माती ओली. उचलून बघायची गरज नाही. शेजारच्या धुडकूच्या बांधावर गवत हिरवंगार झालंय. माझ्या पद्धतीचा फायदा त्यालाही. आभार मानेल तर शपथ.

कोपऱ्यातली साडी मात्र निघालेली. बाजूला घडी. वारा असेल.

२१ एप्रिल, ड्यूटीवर
वारा घडी घालत नाही.

तीही काठाला काठ, पदर आत. आबा जन्मभर मिलमध्ये फोल्डिंगला होते. पदर आत घालणारे ते एकटेच. मी घाबरलेलो नाही. आपली नोंद.

२७ एप्रिल
परत झाकलेलं, परत घडी. खाली पाचोळा पसरलेला. मोठ्याने म्हणालो, आबा, जमाना बदलला. बायको, वैशाली, म्हणते धुडकूला विचारा. म्हणजे गावभर भित्रा ठरू?

माय रोज सकाळी देवळात जाते. आबांसाठी दिवा लाव म्हटलं. ती हसल्यासारखी वाटली.

११ मे
झाडांनी माना टाकल्यात. उन्हाळा आहे, टाकणारच. तिसरा थर घातला. कोपऱ्यात नारळ ठेवला. पाठीवर नजर जाणवते. पाठ दाखवायची नाही म्हणून उलटा चालत आलो, पाइपात पाय अडकून आडवा. कंबर गेली.

१८ मे
आज सामना करायचाच म्हणून सकाळीच गेलो. आबांच्या झाडाखाली कुणीतरी पाठमोरं बसलेलं. डोक्यावरून पांढरं. हनुमान चालिसा निम्मीच आठवली.

माय निघाली. डोक्याला टॉवेल, हातात साडीची घडी. देवळाच्या नावाखाली रोज शेअर रिक्षाने इथे येते म्हणे. म्हणाली, तुना बापले गरम व्हस रे त्या कपडामा. आधी का नाही सांगितलं विचारलं, तर म्हणे तू लगेच मोबाइल दाखवतोस. आबा जन्मभर तिच्या घडीला नावं ठेवायचे. आता जमली म्हणाली आणि पदर डोळ्याला लावला.

मग बाकीच्या साड्या उचलायला लावल्या. खाली माती कोरडी ठणठणीत. सगळं पाणी पॉलिस्टरवरून घसरून धुडकूच्या बांधाला. आबांच्या आळ्यात पाचोळा सारला, तर बोट गार मातीत रुतलं.

बाकीची बहुतेक कलमं गेली. साड्यांच्या घड्या दोघांनी घातल्या. माझ्या तिने मोडून परत घातल्या.

१९ मे
भूतबीत काही नव्हतं. सुटलो.

सुटलो कसला. महिनाभर वाटत होतं, आबा आहेत तिथे.