पायाचा ताण तोडला

मु. पो. पिंपरखेडा, ता. अंबड, जि. जालना
मंगळवार, सकाळी

आदरणीय अण्णासाहेब दाजी यांना,

धाकटा मेहुणा सर्जेराव याचा, दोन्ही पायांवर ताठ उभा राहून, नमस्कार. (वाकूनच करायचा असतो, ठाऊक आहे. पण पाय बरा झाल्यापासून ताठ उभं राहायची हौस अजून फिटलेली नाही, तेवढं गोड मानून घ्या.) इकडे आम्ही सगळे खुशाल. तुमच्या तब्येतीची चौकशी करत नाही, कारण परतूरच्या पोस्टात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाने त्या प्रश्नाला 'ठीक' याखेरीज उत्तर दिल्याचं आमच्या खानदानात कुणाला आठवत नाही. फोन करावा, तर 'डॉक्टर' हा शब्द कानावर पडला की नेमकी तुमचीच रेंज जाते. जन्मभर दुसऱ्यांची पत्रं वाटली, मला कुणी लिहिलं नाही, अशी तुमची तक्रारही असते. म्हणून हे पत्र.

पत्राचं कारण एकच: मी जिंकलो. गेल्या उन्हाळ्यात मला दवाखान्यात बघायला आला होतात, तेव्हा बाहेर जाऊन तुम्ही अक्काला म्हणालात, की आता सर्जेरावांसाठी कुबड्या बघून ठेवा. दार उघडं होतं, दाजी. पाय बिघडला होता, कान नव्हते. तर कळवायला आनंद होतो, की काल सकाळी मी चौकातून निघालो आणि कुठेही न थांबता मोसंबीच्या बागेपर्यंत गेलो. सतराशे चाळीस पावलं! मोजायला झुंबरबाई मागे होत्या. (तुम्हाला माहीतच आहे, आमची ही माझ्या बाजूने एक पाऊलही जास्त मोजणार नाही.)

पण विजयाची गोडी कळायला आधीची फजिती माहीत हवी. अडीच वर्षांपूर्वी सुरुवात झाली. दोनशे पावलं चाललो की उजव्या पोटरीत गोळा यायचा, जसा काही कुणी मुठीत धरून पिळतो आहे. दोन मिनिटं उभं राहिलं की गायब. पुन्हा दोनशे पावलं, पुन्हा गोळा. आता मोसंबीवाल्या शेतकऱ्याने भर रस्त्यात पोटरी धरून उभं राहणं काही शोभत नाही. म्हणून मी युक्ती काढली. दुखायला लागलं की जे घर जवळ असेल त्याच्यासमोर थांबायचं आणि चौकशी सुरू करायची. म्हातारीचे डोळे कसे आहेत, सून माहेराहून आली का, गाय व्याली का. पोटरी सुटली की 'बराय, येतो'. दोन महिन्यांत माझी कीर्ती गावभर झाली. सर्जेरावासारखा मायाळू माणूस नाही, दारावरून कधी तसाच जात नाही, असं बायका पाण्यावर बोलू लागल्या. सोसायटीच्या निवडणुकीत तर लोकांनी मला न विचारता निवडून दिलं. मतं माझ्या पोटरीला पडली होती, हे फक्त मला माहीत.

पुढे गोळा शंभर पावलांवर आला, मग साठ. पाऊल गार पडायला लागलं. नडगीवरचे केस गेले आणि कातडी पॉलिश केल्यासारखी चकाकायला लागली. (मला वाटलं, वय झालं तरी रंग उजळतो आहे.) शेवटी हिच्या कटकटीला कंटाळून तालुक्याच्या डॉक्टरकडे गेलो. पोरगेला, पण हुशार. त्याने पाय बघितला, साखर बघितली, खिशातलं बिडीचं बंडल बघितलं आणि म्हणाला, 'पायाला ताण देऊ नका, आणि उद्याच्या उद्या शहरात जाऊन रक्ताभिसरणाची तपासणी करा.' वाक्याचा दुसरा भाग मी ऐकलाच नाही, कारण पहिल्यातच मला उपाय सापडला होता.

दाजी, तुमचा जन्म पोस्टात गेला, म्हणून सांगतो. माणसाला जे येतं ते टेन्शन. ताण फक्त झाडाला असतो. हिवाळ्यात मोसंबीचं पाणी महिना-सव्वा महिना तोडतात, झाड पिवळं पडतं, थोडी पानं गाळतं, त्याला म्हणतात ताण देणं. मग पाणी सोडून ताण तोडला की बाग फुलाने लदबदते. तीस वर्षं मी हेच करत आलो. तेव्हा 'पायाला ताण देऊ नका' याचा अर्थ आमच्या शिवारातलं कुठलंही माणूस एकच लावेल: पाय कोरडा ठेवू नका, पाणी द्या. मी घरी आलो, न्हाणीतली मोठी बादली घेतली, चुलीवरचं कढत पाणी ओतलं, मूठभर मीठ टाकलं आणि पाय सोडून बसलो. सकाळ-संध्याकाळ, अर्धा-अर्धा तास. साखरेने तळव्याची जाणीव कधीच गेलेली, त्यामुळे पाणी किती कढत आहे ते कळेना. उलट वाटायचं, काय सोसतो आहे माझा पाय! पाचव्या दिवशी वाफ बघून ही म्हणाली, 'पाय धुऊन राह्यले का शिजवून राह्यले?' मी तिला मोसंबीचं शास्त्र समजावून सांगितलं. तिने बादली उचलून अंगणात ओतली. पण तोवर करंगळीशेजारी लिंबाएवढा फोड आला होता.

साधा फोड आठवड्यात सुकतो. हा महिना झाला तरी ओलाच. मलम झालं, हळद झाली, कुणी सांगितलेला पाला झाला. वरून झाकून ठेवायचो आणि लोकांना सांगायचो, नवी चप्पल लागली. मग एक दिवस मोजा काढला, तर करंगळी काळी पडलेली. त्या दिवशी, दाजी, मी भ्यालो. खरं सांगतो, जेवलो नाही. बागेत जाऊन बसलो आणि साडेतीनशे झाडांकडे बघून एकच विचार मनात येत राहिला, की यातून आता खुर्चीत बसवून मला कोण फिरवणार?

तरीही शहरात गेलो नाही. गेलो कचरूकडे. शेजारच्या वाडीत राहतो, नस बसवण्यात त्याचा हात धरणारा दुसरा नाही, दूरदूरचे लोक लचकलेल्या कमरा घेऊन येतात. त्याने माझं पाऊल मांडीवर घेतलं. घोट्याच्या आत दाबलं, पावलावर दाबलं, डोळे मिटले. पुन्हा दाबलं. मग दुसरा पाय घेतला, तिथे दाबलं, आणि माझं पाऊल अलगद खाली ठेवलं. म्हणाला, 'मामा, नस बसवायला नस तर पायजे. इथं ठोकाच लागून न्हाई राह्यला. ह्या पायात रगतच येईना. मी हात लावत न्हाई, जल्दी मोठ्या दवाखान्यात जा, आत्ताच्या आत्ता.' ज्याला आपण आयुष्यभर अडाणी म्हणालो त्याने एका अंगठ्याने जे सांगितलं, तेच पुढे लाखमोलाच्या मशीनने सांगितलं. (कचरूला मोसंबीची पेटी पाठवली आहे. तो घेईना, म्हणून त्याच्या बायकोच्या हातात दिली.)

शहरात प्रियदर्शनी मॅडम भेटल्या. वयाने माझ्या लेकीएवढ्या, पण नजर जबरदस्त. दंडाचं ब्लडप्रेशर घेतलं, मग घोट्याचं घेतलं. मी म्हणालो, मॅडम, पायाला कुठे ब्लडप्रेशर असतं? त्या म्हणाल्या, 'असतं. तुमच्या पायाला निम्मंही राहिलेलं नाही.' कागदावर चित्र काढून दाखवलं, की रक्ताच्या नळ्यांना आतून चरबीचा थर बसतो, साखर तो वाढवते आणि बिडीचा प्रत्येक झुरका नळी आणखी आवळतो. चालताना पोटरी जास्त रक्त मागते, ते मिळत नाही म्हणून ती ओरडते, थांबलं की गप्प होते. मी म्हणालो, म्हणजे ठिबकची नळी क्षाराने चोंदली की सगळ्यात शेवटचं झाड आधी वाळतं, तसं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. 'बरोबर तसंच. आणि तुमचं शेवटचं झाड म्हणजे हे बोट.' मग हळू आवाजात म्हणाल्या, की आणखी आठवडा घातला असता तर गुडघ्याखाली कापावं लागलं असतं. आणि हीच घाण काळजाच्या नि मेंदूच्या नळ्यांतही बसत असते. पाय निदान ओरडून सांगतो, ते दोघे सांगायला थांबत नाहीत.

मांडीच्या सांध्यातून बारीक तार घातली, तिच्यावरून फुगा नेऊन नळी फुगवली आणि आत जाळीची नळकांडी बसवली. मी जागा होतो, समोरच्या पडद्यावर सगळं दिसत होतं. रक्तात सोडलेल्या औषधाची काळी रेघ मांडीत येऊन थांबलेली, आणि मग एकदम ती खाली धावत सुटली, घोट्यापर्यंत, पावलात! वाफ्यात पाणी पोचलं की मी ओरडतो तसा ओरडलो. नर्स दचकली. नंतर ही आत आली, तिने चादर उचलून माझ्या पावलावर हात ठेवला. 'पाऊल ऊन लागून राह्यलंय वो,' एवढंच म्हणाली आणि रडायलाच लागली. तीस वर्षांच्या संसारात या बाईला माझ्यासाठी असं रडताना मी पहिल्यांदा बघितलं. मलाही आवरलं नाही.

आणि आता माझा खरा विजय ऐका. जखम भरल्यावर मॅडमनी चालायचा व्यायाम सांगितला. दुखेपर्यंत चालायचं, दुखलं की थांबायचं, निवलं की पुन्हा चालायचं, रोज अर्धा-पाऊण तास. असं केलं की रक्त आजूबाजूच्या बारीक नळ्यांतून वाट काढायला शिकतं. मी खुर्चीतून उठलोच. म्हणालो, मॅडम, हे म्हणजे ताण द्यायचा आणि ताण तोडायचा, मग नवी फूट येते! मोसंबीचं शास्त्र बिलकुल बरोबर होतं, मी फक्त बादलीत चुकलो! त्या इतक्या हसल्या, की बाहेरचे पेशंट डोकावून गेले. बिडी त्या दिवसापासून बंद. पहिले वीस दिवस मी घरात सगळ्यांशी भांडलो, बैलाशीसुद्धा, पण ओढली नाही.

आता गावाचं सांगतो. काल मी न थांबता चौकातून बागेपर्यंत गेलो, तर संध्याकाळपर्यंत बोभाटा, की सर्जेराव चढला. दारावरून गेला, साधं 'जेवला का' विचारलं नाही. एक म्हातारी तर झुंबरबाईला म्हणाली, 'आधी बरा माणूस होता, पाय चांगला झाला अन् माजला.' पुढची निवडणूक मी हरणार, दाजी, आणि त्याचा मला भयंकर आनंद आहे.

बाकी क्षेम. अक्काला नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

आपला, पायावर उभा असलेला मेहुणा,
सर्जेराव

ता. क. पत्रात एक गोष्ट लपवली. पाय वाचला, पण करंगळी गेली. मॅडमना ती ठेवता आली नाही. फोड आला त्याच आठवड्यात गेलो असतो तर राहिली असती. चप्पल घालताना रोज आठवण येते.

ता. क. दुसरा. दिवाळीला आमच्याकडे आला होतात, तेव्हा एसटी स्टँडपासून घरापर्यंत तीनदा थांबून मोबाइल बघितला. तुमच्या मोबाइलची बॅटरी त्या दिवशी सकाळपासून संपलेली होती, अक्काने सांगितलं. लोकांच्या दारात थांबून मी दोन वर्षं गाव फसवलं आहे, दाजी. मला तुम्ही काय फसवणार?

ता. क. तिसरा. काल अक्काचा फोन आला. म्हणाली, 'हे चार दिवसांपासून पाय पलंगाखाली लोंबवून झोपून राह्यलेत. वर घेतला की ठणकतो म्हणत्यात. तुला सांगू नको म्हणाले.' करंगळी काळी पडायच्या आधी मीही तसाच झोपायचो. म्हणून मॅडमकडे तुमच्या नावाने वेळ घेतली आहे, आजच दुपारी तीनची. पाकिटाला तिकीट नाही, हे पोस्टमास्तरांच्या लक्षात आलं असेलच. पत्र घेऊन आलेला माणूस आमच्या भावकीतला वसंता आहे आणि त्याची गाडी तुमच्या दारात चालू उभी आहे. पत्र एवढं लांबवलं, कारण तुम्ही वाचत बसाल तेवढ्यात अक्काची पिशवी भरून व्हायला हवी होती. ती भरून झाली असेल. उठा.