शिवा, पूनमचं वर्ष मी घालवलं

प्रिय शिवा,

रविवारी तुझं वर्षश्राद्ध. घरात बायका डाळ-तांदूळ निवडत बसल्यात आणि मी दुकानाचं शटर अर्धं ओढून तुला लिहायला बसलोय. मंगळवारी तुझ्या पूनमच्या विद्यापीठात जाऊन आलो. तेव्हापासून घास गोड लागत नाही. कुणाला सांगू? ज्याला सांगायचं तो तूच.

विमानाचं शिक्षण घेणाऱ्या पोरांनी काय काय केलंय ते बघायला तिथं पालकांना बोलावलं होतं. तुझ्या सुनंदाचे गुडघे धरलेत, एवढा प्रवास तिला झेपत नाही. म्हणून तुझ्या लेकीनं पालक म्हणून चुलत्याचं, म्हणजे माझं, नाव दिलं. तुझ्या जागी माझं! काय लायकी रे माझी?

काय सांगू तुला, तिनं मला एक लांबलचक पेटी दाखवली. पेटीच्या तोंडाला भलामोठा पंखा आणि आत विमानाचा लाकडी पंख, वीतभर. तिनं बटण दाबलं, तसा धूर रेघारेघांनी त्या पंखावरून सरकायला लागला. तिनं पंख जरा तिरका केला, रेघा चिकटून राहिल्या. आणखी तिरका केला आणि सगळा धूर विस्कटला.

"आण्णा, हितं विमान पडतंय बघा," ती म्हणाली. "किती तिरकं केल्यावर पडतंय, ते आमी शिकतो. म्हंजे पडू न्हाई."

जन्म गेला जळक्या मोटरींत नवी तार भरण्यात, म्हणून मला त्या पंख्याची मोटर तेवढी ओळखीची. बाकी मी नुसता मान हलवत होतो. तेवढ्यात तिची मैत्रीण आली. पूनम तिला म्हणाली, "हे माझे आण्णा. घरात एकटे हेच माझ्या बाजूनं होते. बाबांनी अडवलं नसतं, तर आज मी एक वर्ष पुढं असते."

तिनं कँटीनमध्ये आणून दिलेला वडा मी मुकाट खाल्ला. लाज तरी किती असावी माणसाला!

तो दिवस तुला आठवतो ना? मोबाईल पुढं धरून तू दुकानात आलास. "आण्णा, पोरीला हे लागलंय. तीन दिसांत जाऊन नाव पक्कं करायचंय. एरोस्पेस म्हंजे काय असतंय?"

दुकानात चार माणसं बसलेली. मला तो शब्दच नवा. पण भावकीत कुणाचा फॉर्म असो, कुणाला आलेली नोटीस असो, नाहीतर कुणाच्या पोराची शाळा, सगळं माझ्याकडं येतं. सातवी शिकलेला मी, मोटर उघडून बघत बघत कामाला लागलो. कुणाला विचारायचं म्हणजे मला कमीपणा वाटायचा. मग काय, चष्मा कपाळावर सरकवला आणि दिलं ठोकून.

"विमानात बसवून वर धाडत्यात पोरास्नी. आन शिकून आली तरी करनार काय? आष्ट्याच्या यष्टी स्टँडावर विमान लावनार हाय व्हय?"

चौघं खदाखदा हसले. तूही हसलास. मला ते हसणं लय गोड वाटलं, आणि त्यात पोरीची जागा गेली.

तिसरा दिवस उलटला. ती रडली, दोन दिवस जेवली नाही. तू तिला म्हणालास, "न्हाई म्हंजे न्हाई. मी ठरवलंय." तू ठरवलंस? माझं नावसुद्धा घेतलं नाहीस. का रे शिवा?

पुढं पंधरा दिवसांनी इस्लामपूरचे एक मास्तर पंप दुरुस्तीला घेऊन आले. मी मोठ्या ऐटीत त्यांना तो किस्सा सांगितला. ते हसले नाहीत. म्हणाले, "अहो आण्णा, ते विमान बनवायचं शिक्षण. त्याला जागा मिळावी म्हणून पोरं वर्षवर्ष घासत्यात." मी पाना तिथंच टाकला.

मी तडक शेतात आलो. तू हळदीला पाणी पाजत होतास. म्हणालो, "शिवा, माझं चुकलं. पूनमला सांगतो."

तू खोरं न थांबवता म्हणालास, "सांगू नगं. पुन्यांदा परीक्षा देनार हाय ती. तुझ्या माळ्यावर बसून अभ्यास करती. तुझ्यावरनं बी मन उडालं तर पोरगी जाईल कुठं? माझ्यावरचा राग चालतोय. बाप हाय मी."

आणि मी लगेच "बरं" म्हणालो! एकदासुद्धा "नको" म्हणालो नाही. सुटल्यासारखं वाटलं मला. वर्षभर ती माझ्या माळ्यावर अभ्यास करत होती, मी चहा नेऊन देत होतो आणि तिच्या तोंडून "आण्णा तेवढे चांगले" असं ऐकून घेत होतो. तुझ्याशी ती कामापुरतं बोलायची. जागा मिळाली तेव्हा पेढा पहिल्यांदा मला दिला. निघताना उंबऱ्यावर "येते" म्हणाली, ते आईला आणि मला. तू ट्रॅक्टरच्या चाकाशी उगाच वाकून बसलेला. मी बघितलं होतं ते. तरी गप्प बसलो.

ती पुन्हा आली ती तुझ्या मातीला. सांगायचं होतं तर तेव्हा तरी सांगायचं! पण मला वाटलं, पोरीचा बाप गेलाय, आता कशाला? भित्र्या माणसाला कारण कधी कमी पडतं का?

तुझ्यावरही राग आहे माझा. एवढा मोठेपणा करायला तुला कुणी सांगितलं होतं? मी थोरला ना? ओझं थोरल्यानं उचलायचं असतं.

आता तुझा शब्द मोडतोय. ती आता तिथं रुळली आहे. माझ्यावर रुसली तरी तिचं काही अडणार नाही. शनिवारी ती येईल. रविवारी तुला पान वाढायच्या आधी, सगळ्या भावकीसमोर तिला सांगेन, की पोरी, तुझ्या बापानं तुला अडवलं नाही. मला काही ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही एवढं म्हणायची मला लाज वाटली, म्हणून तुझं वर्ष गेलं. त्यावर तिनं माझ्याशी बोलणं टाकलं, तर टाकू दे. मी तिची समजूत काढायला जाणार नाही. पण त्या दिवशी तुझ्या पानावर पहिला घास तिच्या हातचा पडेल, आणि तो बापावर राग न धरता पडेल. एवढं मी करीन, शिवा.

तुझा,
आण्णा