वहीत आलेला भाजी-पक्षी

शनिवार, ८ मार्च २००३, शारजा

आज नोंद झाली एकदाची! स्वतःच्या बळावर शिकलेल्या चिनीच्या माझ्या वहीचा नियम एकच: माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय शब्द घ्यायचा नाही. चीनमधल्या सप्लायरकडची पोरं वर्षभर चॅटवर ‘त्साय-न्याव’ लिहिताहेत. शब्दशः भाजी-पक्षी, अर्थ नवशिका. मी तो बाहेरच ठेवला होता. कन्या चिडवायची, “बाबा, इट्स अ रियल वर्ड!” मी म्हणायचो, कॉम्प्युटरवरचं तिथेच राहतं.

आणि आज दुबईत, देऱ्याच्या घाऊक बाजारात, चिनी दुकानदार लिनबाई! वय साठ, कॉम्प्युटरला कधी हात लावलेला नाही. मी ऐटीत अंगठा आणि तर्जनी दाखवून टॉर्चची दोन खोकी मागितली. त्यांनी आठ काढली. चिनी हातात ती खूण आठाची. हे मला, मला माहीत नसावं? बाई खदखदून हसल्या, “अगदीच त्साय-न्याव आहेस!”

हा शब्द कुठून आणलात, विचारलं.

“नातू फोनवर मलाच म्हणतो ना!”

म्हणजे चॅटवरून नातवाकडे, नातवाकडून आजीकडे, आणि आजीकडून थेट देऱ्यात!

घरी बायको म्हणाली, “अहो, त्यांनी तुम्हाला नवशिके म्हटलं आणि तुम्ही नाचताय काय?”

शब्द, उच्चार, स्थळ, बोलणारी, सगळं लिहिलं. ‘कोणाला उद्देशून’ या रकान्यात पेन जरा अडखळलं. मग माझं पूर्ण नाव लिहिलं, स्वच्छ अक्षरात.