त्या इंजेक्शननंतरचे चार दिवस

बाई, तुम्ही हरलात, हे सांगायला बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण वाद तुमच्याशीच होता, तेव्हा निकालही तुम्हालाच कळवायला हवा.

सूरजागडच्या डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा आपला दवाखाना. तुम्ही तिथल्या मोठ्या सिस्टर, मी भद्रावतीहून आलेली नवी नर्स. दोन वर्षांत मी आतून विझत गेले. काही घडलं नव्हतं, हीच तर पंचाईत. नवरा चांगला, नोकरी सरकारी, पण सकाळी वेणी घालायला हात वर होत नसे. तुम्ही मला तुमच्या स्वयंपाकघरात समोर बसवून भात आणि लाखोळीचं वरण वाढायचात, आणि मी घास तोंडात तसाच धरून बसायची. कामाला लाग, बरं वाटेल, असं तुमचं म्हणणं. मी कामाला लागायची. बरं काही वाटायचं नाही.

मग माझ्या मांडीवर ते गळू झालं. भूल देणारे डॉक्टर आपल्याकडे नव्हतेच, त्यामुळे असलं काही कापायचं तर केटामाइनचं इंजेक्शन. ते घेतलेले कितीतरी पेशंट मी पाहिले होते, डोळे उघडे आणि माणूस भलतीकडेच. त्या दिवशी टेबलावर मी होते. दुसऱ्या सकाळी जागी होते, तर खिडकीबाहेर कोणी मोहाची फुलं वाळत घातली आहेत आणि मला त्यांचा वास येतो आहे. भूक लागली आहे. मी लंगडत तुमच्याकडे येते, म्हणते, छातीवरचं ओझं गेलं, हे त्या इंजेक्शननं झालं. तुम्ही मान वर न करता बँडेज गुंडाळत राहता.

“नशा आहे ते, पोरी. उतरून जाईन. काऊन डोक्यात घेऊन राह्यली?”

चार दिवस टिकलं. पाचव्या दिवशी उतरलंच. मी आणखी एक इंजेक्शन मागितलं, तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर औषधाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडून काढून घेतलीत. फार लागलं मला ते. किल्ली घेतलीत ते शहाणपणाचंच झालं, नाहीतर मी स्वतःच टोचून घेतलं असतं आणि आज हे लिहायला उरले नसते. पण ते चार दिवस खरे होते, बाई, आणि ते तुम्ही खोटे ठरवलेत.

पुढे चंद्रपूरला बदली झाली. गोळ्या बदलून बदलून पाहिल्या, थोडा उजेड, पुन्हा अंधार. शेवटी नागपूरच्या एका मानसोपचाराच्या डॉक्टरांना मी चाचरत ते चार दिवस सांगितले. त्यांचा पेन थांबला.

“नेमके किती दिवस टिकलं होतं?” त्यांनी विचारलं.

एवढा साधा प्रश्न, आणि तो विचारणारं माणूस मिळायला इतकी वर्षं गेली. मी तिथेच रडले. ते म्हणाले, परदेशात हेच औषध अगदी थोडं देऊन उदासीच्या आजारावर पाहतायत, आपल्याकडे फारसं कोणी देत नाही, मला विचार करू द्या. काही महिन्यांनी त्यांनी दिलं. भूल देणारे डॉक्टर उशाशी, दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा, सलाइनमधून थेंब थेंब. मी पाचव्या दिवसाची धास्ती घेऊन होते. पाचवा गेला, सहावा गेला. आठव्या दिवशी वेणी घालून झाली आणि मग लक्षात आलं की घातली. आरशासमोर एकटीच मोठ्यानं हसले. हे कायमचं नाही, अधूनमधून पुन्हा जावं लागतं, गोळ्याही चालू आहेत. चालू देत. मी जिंकले.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, आणि दुसऱ्या कोणाच्या हाती पडून चालायचं नाही. कारण घरी मी यातलं काहीच सांगितलेलं नाही. दर वेळी दातांचं काम निघालं म्हणून नागपूरची बस धरते. परतले की नवरा बिचारा भाकर दुधात कुस्करून समोर ठेवतो, आणि मी ती मुकाट्यानं खाते. बाई, माझे दात ठणठणीत आहेत.