काकूंना हसू का आले?

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरलेली असल्यामुळे तूर्त तो कागदावरच गोड मानून घ्यावा.) तुझा गुडघा काय म्हणतो? भाऊजींचा खोकला गेला, की त्याला तुमचे घर मानवले? इकडे आम्ही दोघे ठीक आहोत. हिचा रक्तदाब आटोक्यात आहे आणि मी हिच्या आटोक्यात आहे. त्यामुळे घरात शांतता आहे आणि घरचे असे सांगण्यासारखे काही नाही. जे काही घडते ते हल्ली शाळेत घडते, आणि त्याला तू जबाबदार आहेस.

निवृत्तीनंतर घरी माशा मारत बसण्यापेक्षा आमच्या वाचनचाचणीला परीक्षक म्हणून ये, चार पोरांत मन रमेल, असे तूच म्हणालीस. मीही म्हटले, जन्मभर वजनमापे खात्यात राहून दुकानदारांचे तराजू तपासले, आता पोरांची समज तपासू. तराजू मध्येच नाक ओढत नसे, एवढाच काय तो फरक. काम दिसायला सोपे होते. तिसरीच्या मुलांना एकेक करून बोलवायचे, छापील उतारा वाचायला द्यायचा, वाचून झाला की पाच प्रश्न विचारायचे आणि उत्तरे सूचीशी ताडून गुण द्यायचे. तीन उत्तरे बरोबर आली तर मूल समजून वाचते. दोनच आली तर ते नुसतेच वाचते, आणि त्याची रवानगी वर्षभर उजळणी वर्गात. हा वर्ग जिन्याखालच्या खोलीत भरतो. बाकीची मुले ज्या तासाला वाचनालयात जाऊन हवे ते पुस्तक उघडून बसतात, त्या तासाला इथली मुले बाराखडी घोकतात. (मी ती खोली पाहून आलो. आत एक पोचा आलेला पृथ्वीचा गोल आणि शाळेचे सगळे झाडू आहेत. समज वाढेल असे तिथे मला तरी काही दिसले नाही.)

उतारा तू लिहिलेला, तेव्हा तुला तो तोंडपाठ असणारच. पण पोरांच्या तोंडून इतक्यांदा ऐकल्यावर आता तो माझाही झाला आहे. काकूंचा चष्मा हरवतो. घरातले सगळे शोधायला लागतात. पलंगाखाली बघतात, कपाटात बघतात, पिठाच्या डब्यात बघतात. शेवटी धाकटा पुतण्या म्हणतो, काकू, चष्मा तर तुमच्या डोक्यावरच आहे! सगळे खो खो हसतात. काकूंनाही हसू येते. संपला उतारा. या काकू म्हणजे कोण, हे मी शाळेत कुणालाही सांगितलेले नाही. (तो प्रसंग घडला तेव्हा मी बदलीच्या गावी होतो. पण तुझ्या सासरच्यांनी तो मला इतक्यांदा आणि इतक्या हावभावांसकट सांगितला आहे, की मी स्वतः तिथे असतो तर मला तो इतका नीट आठवला नसता.)

आता तुमच्या वाचनचाचणी समितीच्या सूचना. त्यांतली सातवी की आठवी अशी, की परीक्षकाने चेहरा निर्विकार ठेवावा; उत्तर बरोबर की चूक हे मुलाला कळता कामा नये. मी घरी आरशासमोर सराव केला. हिने दारातून पाहिले आणि न विचारता पोट शेकायची पिशवी गरम करून आणली. तरीही मी चिकाटी सोडली नाही, आणि पहिल्या दिवशी जो चेहरा घेऊन गेलो तो माझ्या मते भिंतीसारखा होता. मुले एकामागून एक येत गेली आणि पैकीच्या पैकी गुण घेऊन जात राहिली. मी खूश. मनात म्हटले, ताईच्या समितीला उगीच काळजी, ही पोरे तर पंडित आहेत. दुपारी तुमची पर्यवेक्षिका आली. (हुशार मुलगी आहे. माझ्या धाकट्या सुनेच्या वयाची असेल, पण मला काका म्हणताना हातात माझ्याविरुद्ध अहवाल लिहायचा कागद होता.) ती मागे उभी राहून थोडा वेळ बघत होती. एका पोराला मी विचारले, चष्मा कुठे कुठे शोधला? तो म्हणाला, पलंगाखाली. आणि माझ्याकडे बघत थांबला. मग म्हणाला, कपाटात. पुन्हा थांबला. मग म्हणाला, छपरावर. आणि लगेच काकूंच्या घरच्या मंडळींना छपरावरून खाली उतरवून त्याने पिठाच्या डब्याशी आणले. पर्यवेक्षिकेने मला बाजूला घेतले आणि हळूच म्हणाली, काका, तुमची मिशी हलते. मुलं उतारा वाचतच नाहीत, ती तुम्हाला वाचताहेत. चौकशी केली तेव्हा कळले, की बाहेर रांगेत ही माहिती सकाळीच पसरली होती: मिशी वर गेली की बरोबर, खाली आली की बदल. वाचून अर्थ लावण्याचे याहून चांगले उदाहरण मी पाहिलेले नाही, पण सूचीत मिशीला गुण नाहीत. सगळ्या वर्गाची चाचणी रद्द झाली.

दुसऱ्या दिवशी फेरचाचणी. वर्गाच्या बाईंनी पंख्याचे रिकामे खोके कापून मला एक पुठ्ठा दिला, तो तोंडासमोर धरून मी प्रश्न विचारायचे. पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत छापले होते, सांभाळून हाताळा, वरची बाजू वर ठेवा. पहिलाच पोरगा आला, त्याने आधी पुठ्ठा खणखणीत आवाजात वाचला, मग उठून माझ्या हातातला पुठ्ठा सुलट केला आणि जागेवर जाऊन बसला. (यालाही गुण नाहीत. मी सूची दोनदा पाहिली.) पण खरी गंमत पुढेच आहे. दुसरा उतारा समितीकडून मंजूर होऊन आलेला नव्हता, म्हणून उतारा तोच, प्रश्न तेच. मुलांनी संध्याकाळी गल्लीत खेळता खेळता पाचही उत्तरे एकमेकांकडून पाठ करून टाकली होती. मी पहिला प्रश्न विचारला की पोरे पाचही उत्तरे एका दमात सांगून उठायची. एकाने तर मी तोंड उघडायच्या आतच सांगितली. सगळे उत्तीर्ण. पर्यवेक्षिकेने समाधानाने तक्ता भरला, कारण या वेळी मिशी कुठेच आडवी आली नव्हती.

सगळे म्हणजे एक सोडून. वर्गात तिला खार म्हणतात, कारण पेन्सिल लिहून झिजायच्या आधी ती कुरतडून संपवते. वर्गाच्या बाई सांगत होत्या, की वाचनालयाच्या तासाला या मुलीला घंटा ऐकू येत नाही, खांदा हलवून उठवावे लागते, आणि एकदा तर पुस्तकातले कोकरू मेले म्हणून हिने डबा खाल्ला नव्हता. पहिल्या दिवशी पूर्ण वर्गात हिला एकटीला दोन गुण पडले, कारण माझ्या मिशीकडे न बघणारी ती एकटीच होती. ती कागदाकडे बघत होती. दुसऱ्या दिवशीही तिने तीच उत्तरे दिली. मैत्रिणींनी सांगितलेली उत्तरे तिला पाठ होती, पण ती खरी वाटत नाहीत असे तिने मला पुठ्ठ्याच्या कडेने डोकावून सांगितले. काय हरवले आणि कुणाला सापडले, हे दोन प्रश्न तिचे बरोबर. कुठे शोधला, याला तिने फक्त पिठाचा डबा सांगितला आणि मलाच उलट विचारले, की घरात एवढी माणसं होती, तर एकालाही काकूंचं डोकं दिसलं नाही? (परीक्षकाने मुलाच्या प्रश्नाचे उत्तर देऊ नये. सूचना बहुधा अकरावी.) तीन ठिकाणे सांगितली नाहीत, म्हणून शून्य. चौथा प्रश्न, काकूंना हसू का आले? सूची म्हणते, चष्मा डोक्यावरच आहे हे कळले म्हणून. खार म्हणाली, सगळे हसत होते ना. आपण एकटं नाही हसलं, तर लगेच म्हणतात, बघा, चिडली. म्हणून हसल्या. शून्य. पाचवा, गोष्टीला नाव द्या. सूचीत दोन नावे आहेत, हरवलेला चष्मा आणि काखेत कळसा. खारीने दिलेले नाव, काकूंना कुणी विचारलंच नाही. शून्य. पाचांत दोन. म्हणजे जिन्याखालची खोली, वर्षभर. तिला हे अजून सांगितलेले नाही. मला वाईट वाटले, ताई. पुठ्ठा होता म्हणून बरे झाले.

तू म्हणशील, नियम तो नियम. मीही जन्मभर हेच म्हणत आलो. पण आमच्या खात्यात एक रीत होती. वजनात खोट निघाली तर वाण्याला पकडण्याआधी तराजू तपासायचा, आणि तराजू तपासायचा तर त्यावर आपल्याला आधीच माहीत असलेले वजन ठेवून बघायचे. तेव्हा मी तुझी चाचणी काही भरवशाच्या वजनांवर लावून पाहिली. मुख्याध्यापकांना उतारा वाचायला दिला. ते म्हणाले, वाचतो नंतर, आधी उत्तरसूची द्या. ती दिल्यावर त्यांना पाचांत पाच पडले. घरी हिला विचारले, काकूंना हसू का आले? ही म्हणाली, चष्मा डोक्यावर ठेवून गावभर शोधणारी माणसं तुमच्याच घराण्यात, मला काय विचारता? उत्तर नोंदवायला मला जागाच सापडली नाही. वर्गाच्या बाईंनी मात्र चौथा प्रश्न वाचला आणि त्या खिडकी लावायला उठल्या. खिडकी आधीच लावलेली होती. सूचीप्रमाणे त्यांनाही शून्यच द्यावे लागले. तेव्हा काटा कुठेतरी अडकतो आहे एवढे नक्की. कुठे, ते मी सांगणार नाही. मोजायचे यंत्र तुझे आहे, आणि धाकट्याने थोरलीला शिकवू नये एवढे मला कळते.

असो. हे सगळे तुला नुसते माहीत असावे म्हणून लिहिले, यात माझे मागणे काही नाही. सोमवारी सगळे तक्ते पाकिटात घालून समितीकडे पाठवायचे आहेत. भाऊजींना माझा नमस्कार, गुडघ्याला जप, जिना चढउतार कमी कर. हिने तुला लोकरीचे मोजे विणायला घेतले आहेत; एक झाला आहे, दुसऱ्याच्या वेळी माझ्याशी भांडण झाले म्हणून तो थांबला आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. मागणे काही नाही असे वर लिहिले आहे ते पत्राची शोभा म्हणून. मागणे असे आहे, की चौथ्या प्रश्नाच्या सूचीत खारीचे उत्तर एका ओळीत घाल आणि सोमवारच्या आत तसे समितीच्या कागदावर कळव. हे पटले तरच कर, असे मी म्हटले असते. पण मी तक्त्यात तिच्या चौथ्या उत्तरापुढे बरोबरची खूण करून बसलो आहे, शाईने, आणि तुमच्या सूचनांप्रमाणे तक्त्यात खाडाखोड चालत नाही. तेव्हा आता तक्ता सूचीशी जुळवता येणार नाही, सूचीच तक्त्याशी जुळवावी लागेल. खारीचे तीन झाले आहेत.

ता. क. दुसरा. एक वजन सांगायचे राहिले. काल तू बैठकीला गेली होतीस तेव्हा मी भाऊजींना फोन केला. म्हटले, प्रत्यक्ष तिथे हजर असलेला माणूस, याहून भरवशाचे वजन कुठले? चौथा प्रश्न जसा छापला आहे तसाच वाचून दाखवला. त्यांनी तो पुन्हा एकदा वाचायला लावला. मग म्हणाले, "हसली कुठे ती? आम्हा सगळ्यांना चष्मा केव्हाच दिसला होता रे. गंमत म्हणून कुणी बोललं नाही, तिनं पिठात हात घालेपर्यंत. आमच्याबरोबर जरा हसल्यासारखं केलं आणि आत जाऊन नळ सोडून उभी राहिली. मी मागोमाग गेलो, तर म्हणाली भांडी घासतेय. भांडी नव्हतीच तिथं." हे तुला कळवू नये असेही ते म्हणाले, पण परीक्षकाने कोणतेही उत्तर दडवू नये अशी सूचना आहे. उत्तर सूचीशी नीट ताडून पाहिले. भाऊजींना शून्य दिले आहे.